एलएनजीचं जहाज म्हणजे तरंगता सिलिंडर नव्हे

कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगचं काम जाणणारी मंडळीही छातीठोकपणे सांगतात, एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारं, जहाज म्हणजे घरच्या सिलिंडरचा थोरला भाऊ. गॅस दाबून भरलेला, म्हणून टाकीला वीतभर जाड पोलाद. हे साफ चूक आहे.

सिलिंडरातला एलपीजी दाबामुळे द्रव राहतो. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करतात. आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं आणि टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त असतो.

खरी कमाल शिपयार्डात आहे. दक्षिण कोरियात बांधलेल्या जहाजांच्या एका प्रकारात टाकीचं अस्तर इन्वार या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचं असतं. ३६ टक्के निकेल आणि जाडी फक्त ०.७ मिलिमीटर! कडाक्याच्या थंडीतही ते जवळपास आकसत नाही. त्यामागे परलाइट (उष्णता अडवणारा हलका खनिज भुगा) भरलेल्या प्लायवूडच्या पेट्या, मग दुसरं अस्तर, पुन्हा पेट्या. भार पेलतो तो जहाजाचा सांगाडा. हाताच्या घामानेही इन्वारला गंज चढतो, म्हणून कारागीर हातमोज्यांशिवाय पत्र्याला शिवत नाहीत. आपल्या वेल्डर पोरांनी हे काम जरूर समजून घ्यावं.

धोका नाही असं मात्र नाही. गळलेल्या वायूचं हवेतलं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर तो पेट घेतो, आणि सांडलेला द्रव साध्या पोलादाला ठिसूळ करून तडे पाडतो.