१९२१ ची मुंबई, हजारी ६६६ बालमृत्यू आणि छेदाचा प्रश्न

मुंबईच्या गिरणगावाविषयी लिहिताना १९२१ सालचा एक आकडा हमखास दिला जातो. त्या वर्षी शहरातील बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ होता आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो ८२८ पर्यंत गेला होता. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये हा दर ८३ च्या आसपास होता. मुंबईचा आकडा कोणी रचलेला नाही. नगरपालिकेच्या नोंदींतून तो तसाच निघतो. मात्र त्यावरून ‘मुंबईत जन्मलेल्या तीन मुलांपैकी दोन वर्षाच्या आत दगावत’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

बालमृत्युदर हा एक साधा अपूर्णांक आहे. वर्षभरात शहरात मेलेली एक वर्षाखालील मुले अंशात येतात, त्या वर्षी शहरात नोंदलेले जन्म छेदात येतात आणि भागाकाराला हजाराने गुणले जाते. या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अंशातली मुले छेदातूनच आलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत नेमके हेच गृहीत टिकत नव्हते.

मृत्यूची नोंद सहसा चुकत नसे, कारण अंत्यविधी स्मशानात किंवा दफनभूमीत होई आणि नोंद तेथेच घेतली जाई. जन्म मात्र चाळीतल्या खोलीत, सुईणीच्या हातून होत असे आणि घरच्यांनी कळवला तरच तो दप्तरात येत असे. त्याहून मोठे कारण स्थलांतराचे होते. १९११ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम ५३० स्त्रिया होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांचे कुटुंब बहुधा गावीच असे. ज्या स्त्रिया शहरात राहत, त्यांच्यापैकी अनेकजणी बाळंतपणासाठी माहेरी किंवा सासरच्या गावी जात आणि मूल काही महिन्यांचे झाले की परत येत. अशा मुलाचा जन्म रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्याच्या दप्तरात राही, पण ते मुंबईत दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे.

याचा परिणाम किती मोठा होतो, हे कल्पित आकड्यांवर तपासता येते. समजा, पहिल्या तीन महिन्यांत शंभरातली साडेबारा मुले दगावतात आणि त्यातून वाचलेल्यांपैकी पुढच्या नऊ महिन्यांत वीस टक्के दगावतात. म्हणजे वर्षभर जगण्याची शक्यता ०.८७५ गुणिले ०.८, अर्थात ०.७ होते आणि खरा बालमृत्युदर ३०० ठरतो. आता शहरात ६०० मुले जन्मली आणि गावी जन्मलेली ४०० मुले तीन महिन्यांची होऊन शहरात आली असे धरू. शहरात जन्मलेल्यांपैकी १८० दगावतील, बाहेरून आलेल्यांपैकी ८०. एकूण मृत्यू २६०, पण छेदात फक्त ६०० जन्म. दर निघतो ४३३. त्यातच शहरातले १०० जन्म नोंदवायचे राहून गेले, तर २६० ला ५०० ने भागावे लागते आणि दर ५२० होतो. एकाही मुलाचा धोका वाढलेला नसताना दर ३०० वरून ५२० वर जातो.

यावर उपाय आयुष्य-सारणीचा आहे, आणि तो मला सांख्यिकीतल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. या पद्धतीत वर्षभराचे मृत्यू जन्मांनी भागत नाहीत. वयाच्या प्रत्येक टप्प्यातले मृत्यू त्या टप्प्यात शहरात हजर असलेल्या मुलांनी भागतात. वरच्या उदाहरणात पहिल्या तीन महिन्यांत शहरात ६०० मुले होती आणि ७५ मृत्यू झाले, म्हणजे साडेबारा टक्के. पुढच्या टप्प्यात उरलेली ५२५ आणि आलेली ४०० अशी ९२५ मुले होती आणि त्यांतली १८५ दगावली, म्हणजे वीस टक्के. दोन्ही टप्प्यांतल्या जगण्याच्या शक्यतांचा गुणाकार केला की पुन्हा ०.७ हाती येते. मूल कोठे जन्मले हे ठाऊक नसले तरी चालते. मृत्यूसमयीचे वय आणि त्या वयाची किती मुले शहरात होती, एवढेच लागते.

६६६ मधला फुगवटा आणखी एका गोष्टीवरून दिसतो. १९२२ मध्ये हा दर एकदम ४०० च्या आसपास आला आणि दशकाच्या अखेरीस ३०० पर्यंत उतरला. शहरातली घरे आणि पाणी एका वर्षात इतके सुधारत नसते. एका खोलीतल्या कुटुंबांत गावी जाऊन बाळंत होणाऱ्या स्त्रिया अधिक असणार, म्हणून ८२८ हा आकडा सर्वांत जास्त फुगलेला असावा असे माझे मत आहे.

तरीही दुरुस्त केलेला दर भयंकरच राहतो, आणि ‘पूर्वीची मुले निसर्गात वाढत, म्हणून काटक असत’ असे सांगणाऱ्यांनी तो पाहावा. नाळ अस्वच्छ पात्याने कापली किंवा तिच्यावर राख-शेण लावले की धनुर्वाताचे बीजाणू प्राणवायूविरहित जखमेत वाढतात आणि साधारण आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळतो. पाचवीला सटवाई पुजली जाई ती याच दिवसांत. बाळ गेले की तिने लिहिलेल्या नशिबाला दोष लागे आणि पात्याकडे कोणी पाहत नसे. दप्तरात कारण ‘आकडी’ असे लागले, तर धनुर्वात त्यात दडून जाई. शिवाय अतिसार होता, कोंदट खोलीतला न्यूमोनिया होता आणि आई गिरणीत असताना मूल झोपून राहावे म्हणून दिली जाणारी अफूची बाळगोळीही होती.

ज्या स्थलांतराने बालमृत्युदर फुगवला, त्यानेच प्रौढांचा क्षयमृत्युदर आक्रसला. दाटीच्या खोलीत क्षय जडलेला कामगार खोकला वाढून काम सुटले की गावी परते आणि तेथेच मरण पावे. मुंबईच्या लोकसंख्येत, म्हणजे या दराच्या छेदात, तो वर्षानुवर्षे होता, अंशात मात्र कधी आलाच नाही. गावातील मृत्यूंची नोंद डॉक्टर नव्हे तर गावकामगार करीत आणि बहुतेक मृत्यूंपुढे एकच कारण लिहीत, ‘ताप’. त्यामुळे मुंबईत जडलेला हा क्षय कोकणातल्या दप्तरातही क्षय म्हणून नोंदला जाण्याची शक्यता फार कमी होती.