रात्रीचे माउंटन बाइकिंग

रात्रीचे माउंटन बाइकिंग : डोंगर, जंगल वा माळरानातील कच्च्या पायवाटांवरून, सायकलस्वाराने बरोबर वागविलेल्या दिव्यांच्या उजेडात माउंटन बाइक चालविण्याचा प्रकार. तो छंद म्हणून, सराव म्हणून आणि चोवीस तास चालणाऱ्या शर्यतींचा अटळ टप्पा म्हणून रूढ आहे. रस्त्यावर सायकलीचा दिवा मुख्यतः आपण इतरांना दिसावे यासाठी असतो. पायवाटेवर तो आपल्याला जमीन दिसावी यासाठी लागतो. त्यामुळे या प्रकाराचा इतिहास हा बव्हंशी दिव्यांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ केव्हा झाला हा प्रश्न माउंटन बाइकिंगच्याच उगमाच्या वादात गुंतलेला आहे. प्रचलित मतानुसार हा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत झाला. तेथील तरुण १९३०–४० च्या सुमारास बनलेल्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरउतारांवर वापरीत. फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची ‘रिपॅक’ ही शर्यत प्रथम झाली. मागच्या चाकाच्या हबमधील (मधल्या तुंब्यातील) ब्रेकचे ग्रीस त्या सु. ४०० मी. उताराच्या वाटेवर जळून धूर होई व ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७७ ते १९७९ या काळात खास या कामासाठी सायकली घडविल्या व विकल्या, याविषयी फारसे दुमत नाही. मात्र त्याआधीचे दाखलेही दिले जातात : अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळाच्या सायकल तुकडीने १८९७ मध्ये मिझूला ते सेंट लुइस असा सु. ३,००० किमी.चा बहुतांशी कच्च्या वाटांचा प्रवास केला. पॅरिसच्या परिसरात १९५१ ते १९५६ च्या सुमारास वेलो क्रॉस क्लब पारिझियँ हा तरुणांचा गट सक्रिय होता. आणि ब्रिटनमध्ये १९५५ साली रफ स्टफ फेलोशिप ही आडवाटांवरील सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. हे सर्व पूर्वज मानले, तर अंधारात कच्च्या वाटेने सायकल नेण्याची प्रथा जवळजवळ सायकलीइतकीच जुनी ठरते. परंतु अंधारात वाट संपवावी लागणे वेगळे आणि अंधारासाठीच वाटेवर जाणे वेगळे. हा भेद ध्यानात घेता, चढ-उतारांवर टिकेल असा दिवा ज्या काळी हाती आला तेथून, म्हणजे साधारणतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, या प्रकाराची गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्यापूर्वीच्या दिव्यांची मर्यादा दुहेरी होती. कॅल्शियम कार्बाइड तयार करण्याची व्यापारी पद्धत टॉमस विल्सन यांना १८९२ मध्ये सापडली आणि त्या दशकाच्या अखेरीस कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळणारे सायकलचे दिवे प्रचारात आले. त्यांचा उजेड तेलाच्या दिव्याहून पुष्कळ प्रखर असे, पण ती अखेर उघड्या ज्योतीचीच सोय होती. डायनॅमो चाकाच्या गतीवर चालतो. चढावर वेग पायी चालण्याइतका उतरला की उजेड मंदावतो, म्हणजे वाट सर्वांत बिकट असते तेथेच तो कमी पडतो. बॅटरीवरील हॅलोजन दिव्याने ही अडचण दूर केली. पाण्याच्या बाटलीच्या जागी बसणारी वजनदार बॅटरी हे त्या पिढीचे ओळखचिन्ह होय. हॅलोजन दिवा दर वॉटला जेमतेम १५ ते २० लुमेन (लुमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश देतो, तर आधुनिक एलईडी १०० लुमेनहून अधिक देतो. १९९१ साली बाजारात आलेला लिथियम-आयन घट (बॅटरी) आणि निळ्या एलईडीच्या शोधातून साध्य झालेला पांढरा एलईडी (या शोधासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले) यांच्या संयोगाने हॅलोजन दिवे मागे पडले. एलईडी तापला की त्याची कार्यक्षमता घटते. म्हणून दिव्याच्या कवचाला पंखांसारख्या पातळ पट्ट्या असतात आणि सायकल थांबून वारा लागेनासा झाला की पुष्कळ दिवे आपोआप मंद होतात. कडाक्याच्या थंडीत घटाची उपयुक्त क्षमताही कमी होते.

दिवा किती प्रखर यापेक्षा तो कोठे बसविला आहे याला अधिक महत्त्व आहे, आणि नवख्यांच्या लक्षात हेच उशिरा येते. वाटेवर आडवे गेलेले ५ सेंमी. उंचीचे झाडाचे मूळ ६ मी. अंतरावर आहे असे समजू. हँडलवरील दिवा जमिनीपासून १ मी. उंच असेल, तर मुळाची सावली त्याच्यामागे सु. ३२ सेंमी.पर्यंत पडते. स्वाराचा डोळा १·६ मी. उंचीवर असल्याने मुळामागचा सु. १९ सेंमी.चा पट्टा त्याला दिसत नाही. उरलेली १३ सेंमी.ची काळी पट्टी मात्र स्पष्ट दिसते आणि तीवरून मुळाची उंची जोखता येते. दिवा केवळ हेल्मेटवर, १·७ मी. उंचीवर असेल, तर सावली १८ सेंमी. पडते व ती पूर्णपणे मुळाआड दडते; उजेड भरपूर असूनही वाट सपाट भासते. उलट हँडलवरील झोत चाकाबरोबरच वळत असल्याने अरुंद वळणावर तो बाहेरच्या झाडीत जातो, तर हेल्मेटवरील झोत नजरेबरोबर वळणाच्या आत शिरतो. म्हणून हँडलवर रुंद आणि हेल्मेटवर अरुंद, लांब जाणारा असे दोन दिवे वापरण्याचा प्रघात पडला; एक विझला तर दुसरा राहतो, हाही लाभ होतोच. धुके व धूळ यांत मात्र हेल्मेटवरील झोत कणांवरून सरळ डोळ्यांकडेच परततो, म्हणून तो मंद वा बंद करावा लागतो.

वेगाची मर्यादा झोताची लांबी ठरविते. प्रतिसादास १ सेकंद आणि भुसभुशीत मातीवर ४ मी./से.² इतके मंदन (वेग घटण्याचा दर) धरले, तर ताशी २० किमी. वेगाने थांबण्यास सु. ९·४ मी. आणि ताशी ३० किमी. वेगाने सु. १७ मी. लागतात. अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे दिव्याची शक्ती दुप्पट केल्याने सुरक्षित वेग दुप्पट होत नाही. शिवाय डोळा अंधाराला पुरता सरावण्यास अर्धा तास वा अधिक लागतो आणि समोरून आलेला एक झगझगीत झोत ते सगळे क्षणात पुसून टाकतो. म्हणून समोरासमोर येताना हेल्मेटचा दिवा खाली वळविणे हा सौजन्याचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग मानावा.

शर्यतींपैकी पश्चिम व्हर्जिनियातील १९९२ ची ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ कॅनन’ ही लेअर्ड नाइट यांनी आयोजित केलेली, संघांनी पाळीपाळीने सायकल चालविण्याची स्पर्धा या धर्तीच्या चोवीस तासांच्या शर्यतींची जननी समजली जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेत जानेवारीत होणाऱ्या ‘स्ट्रॅथपफर’मध्ये सु. १७ तास अंधार असतो.

अनेक सस्तन प्राणी संध्याकाळी व पहाटे वावरतात; त्यांच्या डोळ्यांतील पडद्यामागचा परावर्तक थर झोतात चमकतो तो हिरवट-पिवळ्या ठिपक्यांच्या जोडीसारखा दिसतो. असे ठिपके दिसताच वेग कमी करून झोत बाजूला घ्यावा. पुष्कळ उद्याने व अभयारण्ये सूर्यास्तानंतर वाटा बंद ठेवतात, त्यामागे या प्राण्यांची शांतता हेही एक कारण असते.