नाव क्रिस्टल्सचं, गळा डार्लीनचा

नोव्हेंबर १९६२. ‘ही इज अ रेबेल’ हे गाणं अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तबकडीवर नाव ‘द क्रिस्टल्स’. न्यूयॉर्कच्या या गायक मुलींच्या गटातल्या एकीचाही आवाज मात्र त्या तबकडीत नव्हता.

झालं होतं ते असं. जीन पिटनीने लिहिलेलं हे गाणं दुसऱ्या एका कंपनीसाठी गायिका विकी कार गाणार आहे, याची कुणकुण निर्माता फिल स्पेक्टरला लागली. क्रिस्टल्स लॉस एंजेलिसमध्ये नव्हत्या आणि त्यांच्यासाठी थांबायला वेळ नव्हता. मग त्याने तिथल्याच गोल्ड स्टार स्टुडिओत ब्लॉसम्स या मुलींना बोलावलं. एरवी त्या इतरांच्या गाण्यांना कोरस द्यायच्या. मुख्य ओळी गायली डार्लीन राइट, एका पाद्र्याची मुलगी, चर्चमध्ये गाऊन गळा कमावलेली. तिच्या हातावर ठरलेली बिदागी पडली आणि गाणं क्रिस्टल्सच्या नावावर बाजारात आलं. ते नाव कोणत्या आवाजावर लावायचं, हे स्पेक्टर ठरवत होता. गंमत बघा, खऱ्या क्रिस्टल्सना पुढे मंचावर डार्लीनच्या ढंगात ते गाऊन दाखवावं लागलं.

पुढचं गाणं तुझ्याच नावावर काढतो, असं त्याने तिला सांगितलं होतं. ‘ही इज शुअर द बॉय आय लव्ह’ आलं तेही क्रिस्टल्सच्याच नावावर. अखेर १९६३मध्ये तिचं नाव तबकडीवर झळकलं, ‘डार्लीन लव्ह’. त्यातलं ‘लव्ह’ही स्पेक्टरनेच दिलेलं.

त्याचं कसब नाकारता येत नाही. लहानशा खोलीत तीन-तीन गिटार, दोन-तीन पियानो एकदम वाजवायचे, तो सगळा गलबला प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून मोनोत, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीत, दाबून बसवायचा. लोक त्याला ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणू लागले. पण अशा भिंतीपलीकडून ऐकू येईल असा गळाही लागतो, आणि तो डार्लीनकडे होता.

तिचं ‘ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)’ ज्या अल्बममध्ये होतं, तो नेमका २२ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींची हत्या झाली त्या दिवशी बाजारात आला आणि पडला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती पोटासाठी बेव्हर्ली हिल्समधल्या घरांची साफसफाई करत होती. अशाच एका घराचं बाथरूम घासताना रेडिओवर हेच गाणं लागलं, असं ती सांगते. ती पुन्हा गायला लागली. १९८६पासून २०१४पर्यंत जवळपास दर नाताळात डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात तिने तेच गाणं गायलं.

रॉयल्टीसाठी ती कोर्टात गेली आणि १९९७मध्ये २,६३,५०० डॉलर तिच्या पदरात पडले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतातल्या मानाच्या यादीत स्पेक्टर १९८९लाच जाऊन बसला होता. डार्लीनला तिथे घेतलं २०११मध्ये. तेव्हा तो लॅना क्लार्कसन या अभिनेत्रीच्या खुनाबद्दल तुरुंगात होता. ‘ही इज अ रेबेल’ मात्र आजही शोधायला गेलं तर क्रिस्टल्सच्याच नावावर सापडतं.