शेजारच्या शहरांत गूगलवर दिसण्यासाठी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आमचे ऑफिस एका शहरात आहे, पण काम आजूबाजूच्या चार-पाच शहरांत चालते, मग तिथल्या लोकांनी गूगलवर शोधले, तर आमचे नाव का येत नाही?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो आणि तो रास्तच आहे. फोनवर उत्तर देताना त्यातले अर्धे राहून जाते, आणि त्या अर्ध्या उत्तरावर विसंबून काही ग्राहक आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतःच असे बदल करून बसतात, की ते निस्तरण्यात पुढचे कित्येक आठवडे जातात. म्हणून हे सविस्तर लिहून देत आहोत. आपले गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी आपल्या व्यवसायाची नोंद (नोव्हेंबर २०२१ पर्यंत तिला गूगल माय बिझनेस म्हणत), व्हेरिफाय झालेले आहे आणि आपली स्वतःची वेबसाइट आहे, असे आम्ही येथे गृहीत धरले आहे. प्रोफाइलसोबत मिळणारी एकपानी मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आहे. आपण तिच्यावरच अवलंबून होतात, तर आधी वेबसाइटचे काम हाती घ्यावे लागेल.

नकाशातील तीन नावे आणि त्यांखालचे दुवे

"एसी दुरुस्ती" असे काही शोधले, की बहुधा वर नकाशासह तीन व्यवसायांची नावे दिसतात आणि त्यांखाली वेबसाइटचे नेहमीचे दुवे येतात. हे दोन निकाल वेगवेगळ्या हिशेबाने ठरतात, आणि शेजारच्या शहरांचे सारे कोडे याच फरकात आहे. नकाशातील नावांसाठी गूगल तीन गोष्टी पाहते, असे ती कंपनी स्वतःच सांगते: शोधाशी व्यवसाय किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किंवा शोधात लिहिलेल्या ठिकाणापासून किती अंतरावर आहे, आणि तो किती नावाजलेला आहे. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर मेहनत घेता येते. अंतर मात्र कोणालाही कमी करता येत नाही. पंचवीस किलोमीटरवरच्या शहरात भर वस्तीत उभ्या असलेल्या माणसाच्या आसपास दोन-तीन किलोमीटरांत आपल्यासारखेच दहा व्यवसाय असतील, तर आपले काम कितीही चांगले असले तरी नकाशात ते दहाजण आपल्यापुढे असण्याची शक्यताच अधिक.

आपल्या ऑफिसात बसून आपण शोधता तेव्हा आपले नाव पहिले दिसते, तेही याच कारणाने. ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडून पाहिले तरी चित्र फारसे बदलत नाही, कारण तिच्यामुळे आपला मागील शोधांचा इतिहास बाजूला राहतो, पण आपण कुठून शोधत आहात हे लपत नाही. खरी स्थिती पाहायची असेल तर त्या शहरात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला शोधायला सांगावे आणि स्क्रीनशॉट मागवावा. आमच्या मासिक अहवालात आम्ही प्रत्येक शहरातील निरनिराळ्या बिंदूंवरून घेतलेली स्थिती देतो. ते आकडे आपल्या फोनवर दिसणाऱ्या चित्रापेक्षा निराशाजनक वाटतात, पण निर्णय त्यांच्याच आधारे घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

सेवाक्षेत्रात शहर जोडल्याने काय होते

प्रोफाइलमध्ये सेवाक्षेत्र म्हणून जास्तीत जास्त २० शहरे, भाग किंवा पिनकोड जोडता येतात, आणि त्यांची हद्द व्यवसायाच्या मूळ ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या प्रवासापलीकडे जाऊ नये, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. ही यादी ग्राहकाला आपण कुठवर येता एवढेच सांगते. तिच्यात नाव घातले म्हणून त्या शहरात आपले स्थान वर गेल्याचे आमच्या कामात आम्हाला आजवर आढळलेले नाही. मोजमाप व्हेरिफाय केलेल्या पत्त्यापासूनच होत राहते, मग तो पत्ता लोकांपासून लपवलेला का असेना. तेव्हा वीस रकाने भरण्याचा अट्टाहास नको. जिथे आपली माणसे खरोखर जातात तेवढीच ठिकाणे लिहावीत. ग्राहक आपल्या पत्त्यावर येत नसतील, आपणच त्यांच्याकडे जात असाल, तर पत्ता लपवावा. तसा नियमच आहे.

जी चूक सर्वांत महाग पडते

सेवाक्षेत्राने भागत नाही असे कळले, की पुढची कल्पना हमखास सुचते: शेजारच्या शहरात मेव्हण्याचे घर आहे, मित्राचे दुकान आहे, नाहीतर टपाल घेण्यापुरती भाड्याने मिळणारी जागा आहे; तिथल्या पत्त्यावर दुसरे प्रोफाइल उघडू या. कृपा करून हे करू नये, आणि करायचेच ठरले तर निदान आम्हाला आधी विचारावे.

आमच्या एका ग्राहकाने आम्हाला न सांगता तीन शहरांत नातेवाइकांच्या पत्त्यांवर तीन प्रोफाइल उघडली. फोन नंबर एकच होता, वेबसाइट एकच होती, आणि नावाला त्या-त्या शहराची जोड दिली होती. काही आठवड्यांत ती तिन्ही निलंबित झाली आणि पाठोपाठ, अनेक वर्षांचे रिव्ह्यू असलेले मूळ प्रोफाइलही नकाशावरून गेले. रोज येणारे फोन थांबले तेव्हा आम्हाला कळवण्यात आले. अपील करताना पुरावे अपलोड करण्याचा फॉर्म उघडला, की ६० मिनिटांच्या आत कागदपत्रे जोडावी लागतात: नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, कराचे प्रमाणपत्र, वीज किंवा फोनचे बिल, आणि त्यांवरचे नाव व पत्ता प्रोफाइलशी तंतोतंत जुळावा लागतो. नातेवाइकाच्या घरी व्यवसायाच्या नावे वीजबिल कुठून येणार? त्यामुळे त्या तीन प्रोफाइलच्या बाजूने मांडण्यासारखे काहीच नव्हते, आणि मूळ प्रोफाइल परत मिळवण्याच्या काळात त्या ग्राहकाचे नियोजित काम पूर्णपणे थांबले. आमचेही दिवस त्यातच गेले. पण खरे नुकसान त्यांचे झाले आणि ते टाळता येण्यासारखे होते, याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

दुसरे प्रोफाइल कधीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. त्या शहरात आपली खरी शाखा असेल, कामाच्या वेळेत तिथे आपली माणसे बसत असतील, बाहेर कायमची पाटी असेल आणि आलेल्या ग्राहकाला तिथे दाद मिळत असेल, तर वेगळे प्रोफाइल हा आपला हक्कच आहे आणि ते आम्ही आनंदाने करून देतो. व्हेरिफिकेशनसाठी बहुधा सलग, न कापलेला व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता व आजूबाजूच्या खुणा, पाटी, आपण स्वतःच्या किल्लीने उघडलेले दार आणि आतली साधने दिसावीत. हा व्हिडिओ जिथे सहज काढता येईल ती आपली शाखा, आणि जिथे काढताना अडखळायला होईल तिथे प्रोफाइल उघडू नये, असा साधा निकष आम्ही लावतो.

शहरागणिक पान: आम्ही वेळ का घेतो

नकाशाखालच्या दुव्यांवर अंतराची पकड बरीच सैल असते, आणि शेजारच्या शहरांत शिरण्याची खरी वाट तिथूनच आहे. वेबसाइटवर प्रत्येक शहरासाठी स्वतंत्र पान असावे, हे बहुतेकांना माहीत असते. म्हणून "एक पान लिहा आणि शहराचे नाव बदलून त्याच्या पंधरा प्रती करा," असे आम्हाला वरचेवर सांगितले जाते. हे काम एका दुपारचे आहे, आणि तरी आम्ही ते करत नाही. निरनिराळ्या शहरांच्या नावाने पाने उभारून सर्वांना एकाच ठिकाणी वळवणे ही गूगलच्या नियमांत फसवणूक मानली जाते, आणि अशा पानांविरुद्ध मार्च २०१५ पासून त्यांनी आपली तपासणी अधिक कडक केली आहे.

खऱ्या पानात काय असावे, ते एसी दुरुस्तीच्याच उदाहरणाने पाहू. समजा, एक शहर समुद्रकाठी आहे आणि दुसरे कारखान्यांच्या पट्ट्यात. पहिल्या पानावर खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर कशी गंजते, ती किती अंतराने धुवावी, आणि तिथे केलेल्या कामाची आधीची व नंतरची छायाचित्रे यावीत. दुसऱ्या पानावर धुळीने तुंबणाऱ्या फिल्टरविषयी लिहावे. दोन्हींवर तंत्रज्ञ कोणत्या वारी येतो, फोन केल्यापासून किती वेळात पोहोचतो, कोणत्या भागांत जातो आणि कोणत्या भागांत जात नाही, हे स्पष्ट असावे. ही माहिती आमच्याजवळ नसते. ती आपल्या तंत्रज्ञाच्या डोक्यात असते, म्हणूनच आम्ही त्याच्याशी अर्धा तास बोलण्याचा हट्ट धरतो. हे बोलणे टाळून लिहिलेली पाने वाचणाऱ्यालाही पोकळ वाटतात. एका महिन्यात दोन शहरांची दोन नीट पाने हा आमचा वेग आहे. तो कमी वाटला तरी आम्ही तो वाढवणार नाही.

रिव्ह्यूंविषयी थोडक्यात. काम संपल्यावर त्याच दिवशी प्रत्येक ग्राहकाला दुवा पाठवावा. फक्त खूश दिसणाऱ्यांना निवडून पाठवणे किंवा रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणे नियमबाह्य आहे. शेजारच्या शहरातील ग्राहकाने आपल्या भागाचा आणि झालेल्या कामाचा स्वतःहून उल्लेख केला, तर तिथल्या पुढच्या माणसाला तो जाहिरातीपेक्षा अधिक पटतो. प्रोफाइलच्या नावात मात्र शहर किंवा सेवेचे शब्द घुसडू नयेत. पाटीवर असते तेच नाव ठेवावे, आणि नाव, पत्ता व फोन नंबर सगळीकडे एकसारखा असावा.

पहिल्या तीन नावांत ठरावीक मुदतीत आणून देतो, असे वचन आम्ही कोणालाही देत नाही. पाने रुजेपर्यंत एखाद्या शहरातून कामाची तातडी असेल, तर तेवढ्याच शहरापुरती जाहिरात लावता येते, आणि तिचा खर्च किती दिवस करावा हेही आम्ही सांगतो. काम सुरू करण्याआधी आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टी लागतील: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या शहरात किती कामे झाली त्याचा बिलांवरून काढलेला तक्ता, त्या कामांची छायाचित्रे, आणि आपल्या नावाने यापूर्वी कोणी, कधी, कोणत्या पत्त्यावर प्रोफाइल उघडली होती त्यांची यादी. तिसरी यादी देताना संकोच करू नये. जुने बंद पडलेले प्रोफाइल असले तरी कळवावे, कारण आम्ही सर्वांत आधी तेच तपासतो.