कॅन्सस स्टेट: तळातून वर आलेल्या संघाची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा एखादा डबघाईला आलेला संघ नव्या कोचच्या हाती दिला की बिल स्नायडर यांचं नाव निघतंच. फुटबॉल म्हणजे अर्थात हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात तो. आणि स्नायडर यांनी सावरलेल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाचं मॅनहॅटन म्हणजे न्यू यॉर्कचं नव्हे, कॅन्सस राज्यातल्या गवताळ टेकड्यांमधलं विद्यापीठाचं गाव.

१९८८ अखेर कॅन्सस स्टेटच्या खात्यावर २९९ विजय, ५१० पराभव आणि ४१ बरोबऱ्या होत्या. वरच्या श्रेणीत पराभवांचं पाचवं शतक गाठणारा हा पहिला संघ. शेवटचा विजय ऑक्टोबर १९८६चा. १९८७मध्ये शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी १७-१७ अशी बरोबरी झाली, पण तेव्हा तोही संघ विजयासाठी तितकाच आसुसलेला होता.

याआधी एकदा शॉर्टकट मारून झाला होता. जिम डिकी या कोचने १९८१मध्ये आपले काही जाणते खेळाडू मुद्दाम वर्षभर बसवून ठेवले. नियमाने त्यांचं खेळायचं एक वर्ष शिल्लक राहिलं आणि १९८२मध्ये संघ इतिहासातल्या पहिल्या बोल सामन्यापर्यंत, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या सामन्यापर्यंत पोचला. पण ती पुंजी एका वर्षात संपली आणि संघ पुन्हा तळाला गेला.

१९८६पासून विद्यापीठाचे अध्यक्ष असलेल्या जॉन वेफाल्ड यांच्या काळात, १९८८च्या नोव्हेंबरमध्ये, स्नायडर आले. वय ४९, आयोवा विद्यापीठाचे कोच हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची बाजू सांभाळलेले. त्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं दिसायला फार शानदार नव्हतं. जुनं बोधचिन्ह काढून विद्यापीठातल्याच कलाशिक्षकाकडून नवी 'पॉवरकॅट' काढून घेतली. कॉन्फरन्सबाहेरचे, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांखेरीज इतरांशी होणारे सामने शक्यतो सोप्या संघांशी ठेवले. यावर पुढे बरीच टीका झाली. मला मात्र त्यात गैर वाटत नाही. जिंकायची सवयच मोडलेल्या पोरांना आधी जिंकून बघू द्यायला हवं. तिसरं म्हणजे, बड्या विद्यापीठांचं ज्यांच्याकडे लक्ष नव्हतं अशा दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतून तयार खेळाडू आणले. पुढे हाइसमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात दुसरा आलेला क्वार्टरबॅक (आक्रमणात पास फेकणारा खेळाडू) मायकल बिशप अशाच कॉलेजातून आला होता.

३० सप्टेंबर १९८९. घरच्या मैदानावर नॉर्थ टेक्सस १७-१४ने पुढे, घड्याळात सेकंद उरलेले. कार्ल स्ट्रॉचा पास फ्रँक हर्नांडेझने टचडाउनसाठी, म्हणजे ६ गुणांसाठी झेलला आणि सामना तिथेच संपला: २०-१७. विजयाविना गेलेल्या ३० सामन्यांची साखळी तुटली. त्या सीझनमधला तो एकमेव विजय. १ विजय आणि १० पराभव हा त्या वर्षीचा हिशेब बघून कुणी उभारणी सुरू झाली म्हटलं नसतं. पण पुढच्या वर्षी ५ विजय, १९९१मध्ये ७. १९९२मध्ये पुन्हा ५वर घसरण. १९९३मध्ये ९ विजय आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगवर ५२-१७ अशी मात, हा पहिला बोल विजय.

१९९८मध्ये हा संघ ११ विजय, शून्य पराभव असा होता, एका क्रमवारीत देशात पहिला. ३० वर्षं न हरवता आलेल्या नेब्रास्कालाही त्याच वर्षी हरवलं. मग सेंट लुईसमधल्या बिग १२ या त्यांच्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये टेक्सस ए अँड एमविरुद्ध चौथ्या क्वार्टरची मोठी आघाडी घालवून, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३६-३३ने हरले. राष्ट्रीय अजिंक्यपद तिथेच हातचं गेलं. कॉन्फरन्सचं अजिंक्यपद मिळालं ते २००३मध्ये, ओक्लाहोमाला ३५-७ने लोळवून.

स्नायडर २००५मध्ये निवृत्त झाले आणि स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचं नाव देण्यात आलं. पुढच्या तीन सीझनमध्ये १७ विजय, २० पराभव. संघाची घडी एका माणसाच्या जोरावर बसली होती, हे तेव्हा कळलं. २००९च्या सीझनसाठी त्यांनाच परत बोलावलं. २०१२मध्ये पुन्हा बिग १२चं अजिंक्यपद आलं, आणि २०१८पर्यंत ते आपल्याच नावाच्या स्टेडियममध्ये कोचिंग करत राहिले.