ॲव्हरेज किती देते? लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या हंगामामागचा हिशोब

पुण्यात गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? शोरूमवाला जो ‘एआरएआय मायलेज’चा आकडा सांगतो, तो ज्या संस्थेच्या नावावर चालतो ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. ताशी ३०० किमीच्या पुढे पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत असल्या प्रश्नाला जागा नसेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा, म्हणजे डब्ल्यूईसीचा, सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. प्रत्येक पिढीत नियम करणाऱ्यांनी इंधन मोजायची पद्धत बदलली, की जिंकणारी गाडी बदलली आणि मागोमाग मैदानात राहणाऱ्या कंपन्याही बदलल्या.

या इतिहासाची सुरुवात फ्रान्समधल्या ल मां गावात. तिथली पहिली २४ तासांची शर्यत २६-२७ मे १९२३ ला झाली. निव्वळ वेग हा तिचा हेतू नव्हता. हेडलाइट रात्रभर टिकतात का, यंत्र दिवसभर तग धरतं का, हे रस्त्यावर तपासायचं होतं. इंजिनाच्या आकारानुसार प्रत्येक गाडीला किमान अंतर नेमून दिलेलं होतं. लागाश आणि लेओनार यांच्या शनार-वॉकरने सर्वांत जास्त, २,२०९ किमी अंतर कापलं, पण त्या वर्षी अधिकृत विजेता असा कोणी जाहीर झालाच नाही. पुढच्या वर्षी तर उघड्या गाड्यांनी पाच लॅपनंतर थांबून टप चढवायचा आणि वीस लॅप तो तसाच ठेवायचा, असा नियम आला. टप फाटला की गाडी गोत्यात. परीक्षा गाडीची होती, ड्रायव्हरची त्यानंतर.

वर्षभराच्या शर्यती जोडून अजिंक्यपद द्यायची पद्धत १९५३ पासूनची. सेब्रिंगचे १२ तास, इटलीतली मिले मिलिया, ल मां, स्पा, न्युरबर्गरिंग, डंड्रॉडची टूरिस्ट ट्रॉफी आणि मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना असा तो पहिला हंगाम, जिंकली फेरारी. ड्रायव्हरने किती तास चालवायचं यावर तेव्हा आजच्यासारखा लगाम नव्हता. १९५२ मध्ये पिएर लव्हेग एकटाच तेवीस तासांच्या आसपास गाडी रेटत होता, आघाडीवरही होता, आणि शेवटच्या तासाभरात त्याच्या टाल्बोचं इंजिन गेलं. आज ल मांत एका ड्रायव्हरला एकूण १४ तासांच्या वर आणि कुठल्याही सहा तासांत चार तासांच्या वर चालवता येत नाही. हाच लव्हेग १९५५ च्या अपघातात गेला; त्याच्या मर्सिडीजचे तुकडे गर्दीत घुसले आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. १९५७ नंतर मिले मिलिया ही उघड्या रस्त्यावरची शर्यत हंगामातून गेलीच.

साठचं दशक फोर्ड आणि फेरारीच्या भांडणामुळे फार गाजलं. ती कहाणी इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे तिला जागा देण्यात अर्थ नाही. एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: १९७१ मध्ये पोर्शे ९१७ ने ल मांत ५,३३५ किमी अंतर कापलं आणि हा विक्रम थेट २०१० पर्यंत टिकला. १९७२ पासून इंजिन तीन लिटरवर आणलं गेल्याने ९१७ हद्दपार झाली, आणि सर्किटवर पुढे वेग कमी करणारी वळणंही वाढत गेली.

खरा बदल १९८२ चा, ग्रुप सी या गाड्यांच्या नव्या वर्गाचा. इंजिन कितीही मोठं लावा, टर्बो लावा, काहीही करा. फक्त पेट्रोल मोजून मिळेल. टाकी १०० लिटरची, १,००० किमीच्या शर्यतीत इंधनासाठी जास्तीत जास्त पाच थांबे. सुरुवातीची एक टाकी आणि वरच्या पाच, म्हणजे ६०० लिटर. ल मांसाठी २,६०० लिटर. पहिल्याच वर्षी पोर्शे ९५६ ने तिथे पहिले तिन्ही क्रमांक घेतले. विजेत्या गाडीने साधारण ४,९०० किमी कापले. कोटा पूर्ण संपवला असं धरलं तरी लिटरला १.९ च्या आसपास.

याचा परिणाम ड्रायव्हरच्या उजव्या पायावर झाला. ९५६ मध्ये २.६५ लिटरचं सहा सिलिंडरचं जुळ्या टर्बोचं इंजिन होतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, कमीजास्त करायची खुंटी ड्रायव्हरच्या हाताशी. बूस्ट वाढवला की ताकद वाढते, पण पेट्रोलही तसंच ओतलं जातं. सुरुवातीला उधळपट्टी करणारे शेवटच्या तासात रडतखडत चालायचे. आघाडीची गाडी इंधनासाठी हळू पळते आहे हे प्रेक्षकांना पचत नव्हतं. शहाणे चालक ब्रेकच्या खुणेच्या बरंच आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी तशीच घरंगळू द्यायचे, मग ब्रेक. लॅपला थोडे सेकंद जातात. पण त्या एका क्षणात पूर्ण उघडं इंजिन जे पेट्रोल पिणार असतं ते वाचतं, आणि ब्रेकही कमी तापतात.

१९८५ मध्ये हा कोटा १५ टक्क्यांनी कापला. १,००० किमीला ५१० लिटर, ल मांला २,२१०. शर्यत मंदावेल असा सगळ्यांचा होरा. झालं उलट: योस्ट संघाच्या ९५६ ने ५,०८८ किमी कापून खुद्द पोर्शे कारखान्याच्या नव्या ९६२ गाड्यांना मागे टाकलं. लिटरला २.३ ची सरासरी! लांबलचक सरळ पट्ट्यावर दुसऱ्या एका संघाच्या ९५६ बरोबर आळीपाळीने एकमेकांच्या मागे, हवेच्या आडोशाला राहून त्यांनी पेट्रोल वाचवलं होतं. प्रतिस्पर्ध्यांनीच एकमेकांचं इंधन वाचवायचं, हा प्रकार या खेळाशिवाय क्वचितच बघायला मिळतो.

इतकी चांगली चाललेली घडी १९९१ च्या सुमारास मोडली. इंधनाचं बंधन काढून फॉर्म्युला वनसारखी ३.५ लिटरची, टर्बोविना इंजिनं आणायचं ठरलं. खर्च आभाळाला भिडला, छोट्या संघांना अशी इंजिनं परवडेनात, आणि २४ तास टिकणं हा त्या इंजिनांचा धर्मच नव्हता. १९९२ च्या ल मांत जेमतेम २८ गाड्या सुरुवातीला उभ्या होत्या. १९९३ चं अजिंक्यपद रद्द झालं. ही चूक नियम करणाऱ्यांची होती, संघांची नाही. त्यानंतर ल मां एकटी तग धरून राहिली, पण तिच्याभोवती जागतिक अजिंक्यपद पुन्हा उभं राहायला २०१२ उजाडलं.

सेब्रिंगला सुरू झालेल्या त्या २०१२ च्या हंगामात करुण चंढोकही होता. त्याच वर्षी तो ल मां पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. ऑडीच्या हायब्रिड गाडीने शर्यत जिंकली. पण या काळातली सगळ्यात बुद्धिमान नियमावली आली ती २०१४ मध्ये. टाकी मोजणं सोडून आता एका लॅपमागे किती ऊर्जा, हे ठरलं. ब्रेक लावताना किंवा एक्झॉस्टमधून परत मिळवलेली ऊर्जा ल मांच्या एका लॅपला २, ४, ६ की ८ मेगाज्यूल (ऊर्जेचं एकक) वापरायची, ते कंपनीने आधी निवडायचं. जितकी जास्त निवडाल तितकं पेट्रोल कमी. पोर्शेने दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि परतलेली ऊर्जा साठवायला लिथियम-आयन बॅटरी घेतली, टोयोटाने ३.७ लिटरचं व्ही-८ आणि सुपरकपॅसिटर, ऑडीने डिझेल आणि फिरतं फ्लायव्हील. तीन कारखाने, तीन वेगळी उत्तरं, आणि लॅपचा वेळ जवळपास सारखा. पोर्शेला १३.६ किमीच्या लॅपसाठी पाच लिटरपेक्षाही कमी पेट्रोल मिळायचं, म्हणजे लिटरला २.८ च्या घरात.

दुखणं पुन्हा तेच, पैसा. शिवाय इतक्या गुंतागुंतीच्या गाडीत दगा मोठे भाग देत नाहीत. २०१६ मध्ये टोयोटा शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आघाडीवर होती. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा जोड निकामी झाला, टर्बोवरचा ताबा गेला आणि गाडी पिटसमोरच (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेसमोर) थांबली. त्याच वर्षाअखेर ऑडी गेली, २०१७ नंतर पोर्शे. टोयोटाला टक्कर द्यायला मोठा कारखाना उरला नाही.

म्हणून २०२१ पासूनचा हायपरकार हा वरचा वर्ग वेगळ्या तत्त्वावर बेतला. ताकद साधारण ५०० किलोवॉटला बांधलेली, किमान वजन १,०३० किलो, आणि हवेचा रोध व दाब ठरावीक चौकटीत. २०२३ पासून एलएमडीएच नावाचा स्वस्त मार्ग जोडला गेला: सांगाडा डलारा, मल्टिमॅटिक, ओरेका किंवा लिजिए यांच्यापैकी एकाचा, हायब्रिड मोटर सगळ्यांना बॉशचीच, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा. दोन्ही प्रकारच्या गाड्या एका पातळीवर आणायला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ हा तक्ता निघतो, ज्यावर दर शर्यतीला कोणी ना कोणी नाक मुरडतंच.

मोजणी आता चाकाशी होते. ॲक्सलच्या शाफ्टवर टॉर्क सेन्सर बसवलेले असतात आणि त्यावरून प्रत्येक क्षणाची ताकद नियंत्रण कक्षाला दिसते. गाडी वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, म्हणजे कर्बवर, उडाली, चाक हवेत सुटून परत टेकलं, की टॉर्क उसळतो आणि मर्यादा ओलांडायची भीती असते. म्हणून कर्ब किती खायचा हासुद्धा हिशोबाचा भाग झाला. एका स्टिंटला, म्हणजे दोन पिट थांब्यांमधल्या टप्प्याला, सुमारे ९०० मेगाज्यूलचा कोटा असतो. टाकीत पेट्रोल शिल्लक असलं तरी हा कोटा संपला की पिटला यावंच लागतं. २०२४ च्या ल मांत फेरारीच्या ५० क्रमांकाच्या गाडीचा उजवा दरवाजा उघडा राहिला, तो लावायला अवेळी पिटला यावं लागलं, आणि मग उरलेला वेळ निकलस नील्सनने कोटा पुरवत पुरवत काढला. रेषा ओलांडताना दोन टक्के ऊर्जा शिल्लक होती. (१९८३ मध्येही आघाडीच्या पोर्शेचा दरवाजाच उडाला होता, त्याने हवेचा प्रवाह बिघडून एका बाजूचं इंजिन तापलं आणि गाडी कशीबशी पहिली आली. ल मांत दरवाज्यांनी फार छळलं आहे.)

टायरचाही असाच एक धडा आहे. २०२३ पासून टायर गरम करायची ब्लँकेट बंद झाली. स्पाच्या गारठ्यात ड्रायव्हर हार्टलीची टोयोटा पात्रता फेरीत आणि ड्रायव्हर फुओकोची फेरारी शर्यतीत, पिटमधून निघताच थंड टायरवर जाऊन आदळली. त्या जूनमध्ये ल मांपुरती ब्लँकेटला परवानगी द्यावी लागली.

इंधनाचं म्हणाल तर २०२२ पासून टोटलएनर्जीज शंभर टक्के नवीकरणीय पेट्रोल पुरवते. ते वाइन गाळून उरलेल्या चोथ्यापासून होतं. मळीच्या इथेनॉलवर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये जे चालतं, त्याची ही फ्रेंच चुलतभावंडं.

२०२५ च्या हंगामात कतार, इमोला, स्पा, ल मां, साओ पावलो, ऑस्टिन, फुजी आणि बहरीन अशा आठ शर्यती झाल्या. सहा तासांच्या पाच शर्यतींत विजेत्याला २५ गुण, कतार आणि बहरीनच्या लांब शर्यतींत ३८, ल मांला ५०. पहिल्या चारही शर्यती फेरारीने घेतल्या आणि अजिंक्यपदही. आठ कारखाने मैदानात होते. त्यातल्या पोर्शेने हंगामाअखेर काढता पाय घेतला.

पुण्यातून बघायचं तर ल मां सहसा शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन रविवारी साडेसातला संपते. फुजी रविवारी सकाळी साडेसातला, ऑस्टिन मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत. शेवटच्या दोन तासांत क्रमांकांपेक्षा पडद्यावर दिसणारा ऊर्जेचा टक्का बघत राहा. कुणाला आणखी एकदा थोडं भरायला थांबावं लागणार आणि कोण तसंच निभावून नेणार, हे समालोचकांच्या आधी कळतं.