मोहल्ला समिती

धार्मिक तेढ दंगलीपर्यंत जाऊ नये म्हणून एकाच वस्तीतील वेगवेगळ्या धर्मांचे रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस मिळून चालवतात ती समिती. तिचा सर्वांत परिचित प्रयोग ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत झाला.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मे १९७० आणि मे १९८४ मध्ये तेथे मोठ्या दंगली झाल्या. पहिलीची ठिणगी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पडली होती. शांतता समिती नावाची गोष्ट पोलीस ठाण्यांना तेव्हाही नवी नव्हती. सणाच्या तोंडावर पुढारी, मौलवी आणि मंडळांचे अध्यक्ष यांना बोलवायचे, चहा पाजायचा, सहकार्याचे आश्वासन घ्यायचे, की काम संपले. दगड जिथून येतो त्या गल्लीतला माणूस या बैठकीत नसे. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी नेमका तोच माणूस धरला. त्यांनी वस्तीवार समित्या नेमून त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे घेतली आणि त्या त्या भागाच्या पोलिसाला त्यांच्याशी जोडून दिले. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० माणसे मारली गेली (हा त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा). त्या काळात भिवंडी शांत राहिली.

समितीचे बहुतेक काम दंगलीशी संबंध नसलेले असते, आणि तेच तिचे बळ. तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, नवरा-बायकोची तक्रार, भाडेकरूचा वाद असे विषय महिन्या-पंधरवड्याच्या बैठकीत येतात. त्यातून हवालदाराला माणसे नावानिशी कळतात आणि माणसांना हवालदाराचा नंबर पाठ होतो. सदस्य निवडताना पक्षाचे पदाधिकारी आणि गुन्हे दाखल असलेले लोक टाळावेत. स्त्रिया हव्यातच, घरात तेलाच्या बाटल्या, दगड साठू लागले तर आधी त्यांनाच कळते. बैठकीची जागा आलटून पालटून ठेवावी, कायम एकाच समाजाच्या सभागृहात नको.

मिरवणुकीच्या दिवसाची तयारी वेगळी. मार्ग आणि वेळ आधी ठरवून घेतात, नमाजाच्या वेळी वाद्ये कुठून कुठपर्यंत बंद राहतील हे जागा दाखवून पक्के करतात, आणि धार्मिक स्थळासमोर दोन्ही समाजांचे ओळखीचे चेहरे उभे करतात. बाहेरगावचा स्वयंसेवक तिथे निरुपयोगी असतो, कारण पोरे त्याचे ऐकत नाहीत. तारखाच एकमेकींवर आल्या तर तोडगा बैठकीतच निघतो. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे मुस्लिम संघटनांनी ठरवले.

अफवेच्या बाबतीत घाई हीच मोठी चूक. मेसेजमध्ये ज्या ठिकाणाचे नाव असेल तिथल्या सदस्याला आधी फोन करायचा, बीट पोलिसाकडून, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाकडून, खातरजमा करायची आणि मगच खुलासा पाठवायचा. मूळ फोटो किंवा व्हिडिओ ‘हे खोटे आहे’ असे लिहूनही पुढे धाडू नये. मजकूर गळून पडतो, चित्र फिरत राहते.

मुंबईत दंगलीनंतर, १९९४ मध्ये, पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतल्या तरुणांचे क्रिकेट सामने हा तिचा लोकप्रिय भाग.

समित्या मोडतात त्या बहुधा बदलीमुळे. रस घेणारा अधिकारी गेला, नव्या अधिकाऱ्याने यादी कपाटात टाकली, की वर्षभरात बैठका फक्त सणापुरत्या उरतात. दुसरे दुखणे समितीच्या ओळखपत्राचे: काही सदस्य त्याच्या जोरावर पोलीस ठाण्यात मध्यस्थीचा धंदा मांडतात, मग वस्ती त्यांना पोलिसांचे खबरे समजते आणि खरी बातमी त्यांच्यापर्यंत येतच नाही. ५ जुलै २००६ रोजी याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून हिंसाचार उसळला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि जमावाने २ पोलिसांना ठार केले. त्या वेळी भांडण दोन समाजांत नव्हते, पोलीस आणि वस्ती यांच्यात होते. आणि समितीची सारी रचना तर पोलिसांवरच्या विश्वासावर उभी असते.